क्रेट खाली, ताटली वर

मा. संपादक,


भातकापणी उरकली की जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ पश्चिम पट्ट्यातली कितीतरी माणसे कामासाठी खाली उतरतात. नारायणगावला सकाळी मजुरांच्या घोळक्यात उभे राहायचे, कुणी नेईल त्या मळ्यात टोमॅटो तोडायचे नाहीतर कांदा लावायचा. आई दिवसभर क्रेट भरते. वर गावात आजीजवळ राहिलेले तिचे पोर दुपारी शाळेत ताटली पुढे करते, तेव्हा खिचडीत बटाट्याच्या दोन फोडी आणि हळदीचा रंग. वाटाणा दिसला तर त्या दिवशी सण.

मी मुख्याध्यापक म्हणून ही खिचडी अनेक वर्षे चाखून सही केली आहे. म्हणून स्वयंपाकीण ताईंना बोल लावणार नाही. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. डाळी, कडधान्ये, तेल, मसाले ठेकेदाराच्या गाडीतून. शाळेच्या हाती उरतो तो भाजी आणि सरपण-गॅसचा खर्च, तोही बहुतेकदा आधी खिशातून घालायचा आणि मग वाट पाहायची. धान्य सोडून बाकी सगळ्या साहित्यासाठी केंद्राने मे 2025 पासून ठरवलेला दर प्राथमिकच्या मुलामागे 6 रुपये 78 पैसे आहे. जून 2024 मध्ये राज्याने आहाराच्या पंधरा पाककृती दिल्या, त्यांत नाचणी सत्त्वही होते. सहा-सात महिन्यांत अंडी आणि साखरेचा खर्च लोकसहभागावर ढकलला. आमच्या डोंगरात नाचणी पिकते. तिला साखर मिळेना!

माझे म्हणणे एवढेच आहे की भाजी, नाचणी आणि जमतील ती कडधान्ये शाळांनी याच दोन तालुक्यांतल्या महिला बचत गटांकडून विकत घ्यावीत. दान म्हणून नको. दान एकदा येते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा बटाटा.

हिशेब मोठा नाही. नियमाने प्राथमिकच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी. साठ पटाच्या शाळेला दिवसाला तीन किलो. म्हणजे टोमॅटोचा वीस किलोचा एक क्रेट सहा दिवस पुरावा. जुलै 2023 मध्ये या क्रेटने नारायणगावात दोन हजारांचा आकडा ओलांडला. भाव पडले की तोच माल रस्त्याकडेला ओतलेला आपण पाहतो. शाळांच्या खरेदीने हा बाजार सावरेल असे मी म्हणत नाही. तिथल्या आवकेपुढे तीन किलो म्हणजे दर्या में खसखस. पण दोन गुंठ्यांत भोपळा, घेवडा, मेथी लावणाऱ्या बाईला रोजचे तीन किलो हे हक्काचे गिऱ्हाईक आहे. मोठ्या बागायतदाराला जे परवडत नाही, ते तिला नेमके परवडते.

अडचणी मला ठाऊक आहेत. वरच्या गावांत उन्हाळ्यात भाजी होणार नाही. डिंभे-माणिकडोह धरणांचे पाणी खाली कालव्याला जाते आणि धरणाच्या उशाला राहणारे हंडे घेऊन फिरतात. तेव्हा फेब्रुवारीपासून भाजी बागायती गावांतून घ्यावी लागेल. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ती वरची घ्यावी. दुसरी अडचण फवारणीची. टोमॅटोवर किती औषध पडते हे मारणाऱ्यालाच विचारा. घरच्यासाठी तो वेगळी सरी ठेवतो. शाळेला द्यायचा माल त्या वेगळ्या सरीतला हवा, आणि ही अट करारात लिहिलेली हवी. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राने यात लक्ष घातले तर ते अवघड नाही.

आणि मुख्याध्यापकाची भीती? लेखापरीक्षणात ‘तीन दरपत्रके कुठे आहेत’ असे विचारले की भलाभला माणूस किराणा दुकानाचे पक्के बिल जवळ करतो. त्यावर तोड आहे. नारायणगाव आणि मंचरच्या बाजारांतले भाव रोज जाहीर होतात. आठवड्याचा सरासरी भाव हाच शाळेचा दर, असा आदेश पंचायत समितीने काढावा, शाळा व्यवस्थापन समितीने वजन पाहून सही करावी आणि पैसे पंधरा दिवसांत गटाच्या खात्यात पडावेत. यातला शेवटचा भाग चुकला तर पहिले दोन व्यर्थ. उधारीवर कोणतीही बचत गटाची बाई दुसऱ्या महिन्यात भाजी आणणार नाही, आणि तिने आणूही नये.

हे काही जगावेगळे नाही. ब्राझीलने 2009 मध्ये कायदाच केला, शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीतले किमान 30 टक्के लहान शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करायचे. शालेय आहाराच्या आपल्या पीएम पोषण योजनेतही स्थानिक पिकांना वाव द्या असे सांगितले आहेच. शाळांत परसबागांच्या स्पर्धाही होतात. पण परीक्षक येऊन गेल्यावर आणि सुट्टी लागल्यावर त्या वाफ्यांना पाणी कोण घालतो, हे आम्ही मास्तर जाणतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन्ही तालुक्यांतल्या पाच-पाच शाळांत हे करून पाहावे. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्यांच्या आश्रमशाळांनाही भाजी लागतेच. पहिल्या हप्त्याची रक्कम आगाऊ द्यावी. ठेकेदाराला देताना विश्वास ठेवतोच, गटावर एक महिना ठेवून पाहू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जुन्नर