अर्ध्या डोळ्याचा हिशेब

अर्धा डोळा काय कामाचा? उत्क्रांतिवादाचे विरोधक हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे विचारत आले आहेत. भिंग, बाहुली, दृष्टिपटल सारे एकदम जुळल्याशिवाय दिसणार कसे? खुद्द डार्विननेच १८५९ च्या ग्रंथात, नैसर्गिक निवडीने डोळा घडला हे म्हणणे वरकरणी अगदी हास्यास्पद वाटते, असे कबूल केले. ही कबुली विरोधक हटकून सांगतात, पुढचे मात्र गाळतात. साध्या डोळ्यापासून पायऱ्या दाखवता आल्या आणि प्रत्येक पायरी त्या प्राण्याच्या उपयोगाची असली तर अडचण उरत नाही, असे तो लगेच म्हणतो.

त्या पायऱ्या आजही जिवंत आहेत. गोड्या पाण्यातल्या प्लॅनेरिया या चपट्या किड्याच्या डोक्यावर दोन ठिपके असतात. ठिपका म्हणजे काळ्या रंगद्रव्याची इवलीशी वाटी आणि तिच्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी. वाटी एका बाजूचा उजेड अडवते, म्हणून तो कुठून येतो एवढे किड्याला कळते. दगडाखाली पळायला तेवढे पुरते! समुद्रातल्या नॉटिलसची वाटी खोल होऊन तिचे तोंड आवळले आहे. भिंग नाही, पण अंधुक चित्र उमटते. माझा मोतीबिंदू पिकला होता तेव्हा पेपर वाचता येत नसे, तरी दारात कोणी उभे राहिले की कळे. अर्ध्या डोळ्याला कमी लेखणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

१९९४ मध्ये निल्सन आणि पेल्गर या स्वीडनच्या संशोधकांनी हिशेबच मांडला. प्रकाश ओळखणाऱ्या पेशींचा सपाट थर त्यांनी गृहीत धरला. ती पेशी कशी आली हा प्रश्न वेगळा. तिथून भिंगाच्या डोळ्यापर्यंत एकेक टक्क्याचे १८२९ बदल. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला चक्रवाढीची जादू नवी नाही, तरी एक टक्का १८२९ वेळा चढला की मूळ रक्कम आठ कोटी पट होते, हे वाचून मीही चमकलो. सावधपणे धरूनही ३ लाख ६४ हजार पिढ्या पुरतात. वर्षाला एक पिढी म्हटली तर चार लाख वर्षेसुद्धा नाहीत.

कॅरिबियन किनाऱ्यावरच्या कांदळवनात नखाएवढा एक बॉक्स जेलीफिश राहतो. त्याला आपल्यासारखा मेंदू नाही; डोळे मात्र चोवीस, त्यांतल्या काहींना उत्तम भिंग. गंमत म्हणजे, भिंगाने साधलेले चित्र दृष्टिपटलाच्या मागे पडते, त्यामुळे त्याला सारे धूसरच दिसते. पाण्यातला बारीकसारीक कचरा दिसत नाही, कांदळाची जाड मुळे तेवढी दिसतात. त्याचे भक्ष्य त्या मुळांपाशीच असते.