क्रियापद कोणाच्या मागे चालते?

‘डॉ. आंबेडकर वेअर बॉर्न ॲट महू.’ मराठी माध्यमातील सातवी-आठवीच्या वह्यांत असे वाक्य शोधायला फार कष्ट पडत नाहीत. शिक्षक ‘वेअर’वर लाल फुली मारतात, वर ‘वॉज’ लिहितात आणि वही परत करतात. कारण कोणी सांगत नाही. आमचे म्हणणे असे की ही चूक अडाणीपणाची नाही. बाबासाहेब ‘जन्मला’ असे आपण म्हणत नाही, ‘जन्मले’ म्हणतो. माणूस एक, पण आदरासाठी क्रियापद अनेकवचनी. मुलाने आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळला आणि त्याचेच गुण गेले.

या आदरार्थी अनेकवचनाचा इतिहास आपल्या बापजाद्यांना विचारावा. मालकांचा दहा वर्षांचा मुलगा असला तरी ‘छोटे मालक आले’, आणि गावकुसाबाहेरचा सत्तर वर्षांचा म्हातारा मात्र ‘आला’. मनुवाद्यांनी क्रियापदालाही जात चिकटवली होती! इंग्रजीत मालक असो की मजूर, दोघांनाही ‘ही कम्स’. (म्हणून इंग्रज समतावादी होते, असा भ्रम कोणी बाळगू नये.) वर्गात एवढे सांगितले तरी मूल ‘वॉज’ विसरणार नाही.

दुसरा घोटाळा ‘एस’चा. ‘बॉय’ला ‘एस’ लागला की अनेकवचन, मग ‘प्ले’ला लागल्यावर एकवचन कसे? मुलाची शंका अगदी रास्त आहे. मराठीत ‘तो जातो, ते जातात’, म्हणजे अनेकांसाठी क्रियापद वाढते. इंग्रजीत ते एकट्यासाठी वाढते. तिसरे म्हणजे ‘मुलीने आंबे खाल्ले’ या वाक्यात आपले क्रियापद मुलीकडे पाहतच नाही, ते आंब्यांच्या मागे जाते. इंग्रजीतले क्रियापद कर्त्याला सोडत नाही. ‘द गर्ल हॅव ईटन’ लिहिणारी मुलगी कर्मणी प्रयोगच इंग्रजीत नेत असते.

आता गोंदिया जिल्ह्याचे पाहा. घरी झाडीबोली, कुठे पोवारी, छत्तीसगढच्या सीमेकडे छत्तीसगढी आणि हिंदी, देवरी-सालेकसाच्या पाड्यांवर गोंडी. ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणणाऱ्या मुलाला आधी प्रमाण मराठीसाठी हसतात, मग इंग्रजीसाठी. दोनदा अपमान झालेले मूल तिसऱ्यांदा हात वर करत नाही. राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आले. त्या निर्णयाचे आम्ही तेव्हाही स्वागतच केले असते, आजही करतो. ज्यांची पोरे कॉन्व्हेंटमध्ये जातात त्यांनी आम्हाला मातृभाषेचे महत्त्व शिकवू नये. पण इंग्रजी आणणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. ‘ही, शी, इट आले की एस लावा’ हे सूत्र मुले पाठ करतात. पुढच्याच ओळीत ‘माय फादर’ आला की अडतात, कारण ‘माय फादर’ म्हणजेच ‘ही’, हे कोणी सांगितलेले नसते.

रामजी सुभेदारांनी भीमरावांकडून तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके पक्की करून घेतली होती, हे चरित्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य घडवायचे, अशी ती रीत. लष्करी शाळेत शिकवलेल्या बापाला जे कळले होते, ते आजच्या प्रशिक्षण शिबिरांना का कळू नये? मुलाच्या तोंडचे वाक्य फळ्यावर लिहा, मग ते झाडीबोलीत का असेना. त्यातला कर्ता शोधू द्या. क्रियापद कोणाच्या मागे गेले ते त्यालाच सांगू द्या. शेजारी इंग्रजी वाक्य मांडा. शिष्यवृत्ती परीक्षेत तृतीय भाषा म्हणून इंग्रजीच बसते. शिकवणीचे पैसे भरू न शकणाऱ्या घरांना हा प्रश्न व्याकरणापुरता नाही.

हे काम शाळेवरच सोडण्याचेही कारण नाही. आमगाव असो की अर्जुनी मोरगाव, आपल्या वस्त्यांत बुद्ध विहारे आहेत आणि पदवीधर पोरे-पोरी घरी बसून आहेत. रविवारी वंदनेनंतर एक तास काढावा. पुस्तक विकत घ्यायला नको. बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका छापलेली असते. तिचा मराठी आणि इंग्रजी पाठ समोरासमोर ठेवावा. दोन्हींत कर्ता अगदी आरंभी आहे. मराठीत क्रियापद थेट शेवटी येते, इंग्रजीतही ते कर्त्यापासून बरेच दूर पडले आहे. ते मुलांनी शोधून अधोरेखित करावे. मग ‘वुई’ खोडून तिथे एकटा ‘ही’ बसवावा आणि ‘डू’चे काय होते ते त्यांनाच फळ्यावर लिहायला सांगावे.