गवताचा भाव

दिवाळी नुकतीच सरली होती. चारोटी नाक्यावर आम्ही चहाला थांबलो. मित्राचा तारापूरला छोटा कारखाना आहे आणि गाडीत बसल्यापासून त्याचं गाऱ्हाणं सुरू होतं: हा परवाना, तो दाखला, कामगार खात्याची तपासणी. चहा संपवून तो म्हणाला, "सरकारनं फक्त बाजूला व्हावं रे. बाकी आमचं आम्ही बघून घेतो." बोलत होता राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला उभा राहून, मोबाइलवर टोल कापल्याचा मेसेज वाचत. कारखान्याचा प्लॉटही एमआयडीसीचा. मी गप्प राहिलो. मित्राशी वाद चहावर घालू नये, सदरात घालावा. इथे तो मध्येच तोडत नाही.

या 'बाजूला व्हा'चं कुळ फ्रेंच आहे. सतराव्या शतकात कोलबेर या मंत्र्यानं व्यापाऱ्यांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू? त्यांच्यातल्या एकानं उत्तर दिलं म्हणे, की आम्हाला आमचं करू द्या. त्यावरून 'लेसे फेअर'. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचं 'निर्हस्तक्षेप धोरण' केलं आणि परीक्षेनंतर कुणी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. साध्या भाषेत, ज्याचं त्यानं बघावं.

ज्याचं त्यानं बघावं म्हणजे नेमकं काय होतं, हे पाहायला पॅरिसला जायची गरज नाही. चारोटीहून तलासरीच्या दिशेनं निघालं की या दिवसांत दोन्ही बाजूंच्या माळांवर गवत पिवळं पडलेलं दिसतं. ऐंशी वर्षांपूर्वी हे गवत म्हणजे रोकडा पैसा होता. मुंबईच्या तबेल्यांतली जनावरं त्यावर जगत. माळ जमीनदाराचा, कापणारे हात वारली आदिवासींचे. कागदावर पाहिलं तर व्यवहार अगदी स्वच्छ: एकानं काम दिलं, दुसऱ्यानं घेतलं, मजुरी दोघांच्या संमतीनं ठरली. सरकारनं मध्ये पडायचं कारणच काय?

आता तोच व्यवहार वारल्याच्या झोपडीतून पाहा. कसायची जमीन जमीनदाराची. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी त्याच्याकडूनच आणायची. लग्नाला पैसे काढले ते त्याच्याकडूनच, आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं त्याच्या घरी राबायचं. अशाला 'लग्नगडी' म्हणत. शिवाय बोलावणं आलं की हातातलं काम टाकून वेठीला जायचं, ती फुकट. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला करार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. सरकारला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. सायमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याचा आदिवासी भागांवरचा अहवाल १९३९मध्येच मुंबई सरकारच्या हाती आला होता.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची किसान सभेची परिषद भरली. सभेचे पुढारी शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, असं ठरलं आणि लोकांनी ती खरोखर बंद केली. मग ऑक्टोबरात गवताचा हंगाम आला. मागणी एकच होती: ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. तेवढे मिळेपर्यंत विळा उचलायचा नाही.

इथे जरा थांबू या, कारण मला यात गंमत वाटते. लाल बावट्याखालचा हा संप बाजाराच्या नियमांना अगदी धरून होता! विकणाऱ्यानं आपल्या मालाचा भाव सांगितला; पटत नसेल तर घेऊ नका म्हणाला. वेळही त्यानं अचूक साधली होती, कारण गवत कुणासाठी थांबत नाही. कापणी लांबली की ते उभ्या उभ्या वाळतं, त्यातला कस जातो, वखारीत त्याला किंमत येत नाही. माझ्या मित्राला हिरव्या गवताची अडचण सांगितली असती तर ऑर्डर उशिरा गेल्यावर काय होतं ते त्यानंच मला समजावलं असतं.

मजुरी ठरवण्यात इतकी वर्षं न पडलेलं सरकार या वेळी मात्र मध्ये पडलं. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीजवळ तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. त्यांतल्या जेठ्या गांगडचं नाव या भागात आजही घेतलं जातं. तरीही संप मोडला नाही आणि अडीच रुपये मालकांना द्यावे लागले. पुढच्या वर्षी जंगलकामासाठी सव्वा रुपया रोज मिळाला. तोवर मुंबईत बाळासाहेब खेरांचं लोकनियुक्त सरकार आलं होतं. परुळेकरांवर जिल्हाबंदी घातली ती त्यानं.

म्हणून 'सरकारनं हात घालू नये' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठला हात? १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडातले सिद्धान्त इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, इथे स्पर्धेपेक्षा रूढी आणि करारापेक्षा जन्म बलवान आहे, तेव्हा राज्यानं स्वस्थ बसून भागणार नाही, असा त्यांचा मुद्दा. त्याच १८९२ साली मुंबई सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी एक कायदा केला होता. विषय: मोहाची फुलं. ती कुणी, कधी, किती बाळगायची! त्यांची दारू होते, अबकारीचं उत्पन्न बुडू नये म्हणून. वारल्याच्या मजुरीकडे पाहायला फुरसत नसलेलं सरकार त्याच्या घरातली फुलं मोजत होतं.

मित्राची बाजू इथे थोडी सावरायला हवी. वारल्यालाही 'आम्हाला सोडा' असंच म्हणायचं होतं, जंगल खात्याच्या शिपायाला आणि अबकारीवाल्याला. अधिकारी नको तिथे नाक खुपसतात हे खोटं नाही आणि कारखानदाराच्या वैतागात तथ्य असतं. पण उलटाही दाखला आहे. रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं १८७४च्या बिहारच्या दुष्काळात सढळ हातानं धान्य आणून लोक वाचवले आणि उधळपट्टीबद्दल बोलणी खाल्ली. १८७७मध्ये दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर त्याचीच नेमणूक झाली, तेव्हा त्यानं ती चूक सुधारली: धान्याच्या व्यापाराला हात लावायचा नाही आणि कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतकी खाली आणायची. मुंबई इलाख्यातल्या भुकेल्या मजुरांनी त्यावर चक्क संप केला. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी राहिली. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

१९४८मध्ये किमान वेतनाचा कायदा आला, १९७६मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा. दोन्ही कायदे चांगले. पण डहाणू-तलासरीतली पोरं आजही गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात, आधी उचल घेऊन. त्यांतली काही समुद्रातली न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात जाऊन बसली. बोट मालकाची होती, तुरुंग त्यांच्या वाट्याला.

त्या दिवशी नाक्यावर असाच एकजण गाडीची वाट बघत होता. विशीचा असेल. पाठीला सॅक, हातात कपड्यांनी फुगलेली पिशवी. दिवाळीला घरी आला होता, आता परत बोटीवर. मित्रानंच त्याला विचारलं, धंद्याची सवय म्हणून.

"महिन्याचे किती ठरलेत?"

पोरगा हसला. "ठरवलंय शेठनं."

"अरे, पण किती?"

"हंगाम संपला का उचल कापून सांगतील."

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गुजरातकडची बस आली आणि पोरगा पिशवी सावरत धावला.