वरणाचे पाणी म्हणजे जेवण नव्हे

उष्टावण पुण्यातल्या घरांत साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात होते. मामाच्या मांडीवर बसलेल्या बाळाच्या ओठाला सोन्याच्या अंगठीने खीर लावली जाते. हा मुहूर्त शरीराच्या गरजेशीही जुळतो. आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते. जन्मापूर्वी साठवलेल्या लोहावर सहा महिने निभावतात, पुढे तो साठा सरत येतो. म्हणून पहिले १८० दिवस फक्त आईचे दूध आणि नंतर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे दुधाच्या जोडीला वरचे अन्न, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

चूक होते ती उष्टावणानंतर. ‘पचायला हलके’ म्हणून वरणाचे वरचे पाणी किंवा भाताची पेज बाळाला दिली जाते आणि डाळ पातेल्याच्या तळाशीच राहते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलीलिटर मावते. ती जागा पाण्याने भरली की दूधही कमी जाते आणि पोषणही होत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, तर दुसऱ्या वर्षी ५५०. चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये, इतके अन्न दाट हवे. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, भरड दळून शिजवलेले खिमट, त्यावर थोडे तूप, यात हे सहज साधते. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. बाळाने तोंड फिरवले की थांबावे.

नाचणी मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर उत्तम. मोड येताना तयार होणारे अमायलेज पिष्ट फोडते, त्यामुळे जास्त पीठ घालूनही लापशी गिळण्याजोगी राहते. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळलेले सत्त्व दिसते शुभ्र, पण त्यात उरते मुख्यतः पिष्टच. लोह आणि कॅल्शियम बरेचसे चोथ्यात जाते.

लोहाचा प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वही कमी होते. आईकडे ते कमी, तर दुधातही कमी. म्हणून घरात चालत असेल तर नीट उकडलेले अंडे, काटे काढून कुस्करलेली मासळी सहा महिन्यांनंतर द्यावी. वर्षभर थांबण्याचे कारण नाही. शाकाहारी घरात दही हवेच, आणि आईच्या बी-१२ची तपासणीही.

सहाणेवर उगाळलेल्या गुटीत मध मात्र नको. त्यातील जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध वर्ज्यच. मीठ आणि साखरही घालू नये.