भिंतीच्या दोन्ही बाजूंस

एकाच घराण्याच्या दोन पेढ्या झाल्या, की अनेक नियम जन्माला येतात. वडीलधारे सांगतात, "न्यायालयातील वाद मिटेपर्यंत या पेढीची वही त्या पेढीत न्यायची नाही." पुढे वाद मिटतो, वडीलधारी माणसे निघून जातात; मुनीम मात्र वीस वर्षे तोच नियम निष्ठेने पाळत राहतो. मग एखादा बुडवा ग्राहक दोन्ही पेढ्यांतून माल उधार उचलतो आणि पसार होतो. दोन्हीकडच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, तर त्याचे बिंग पहिल्याच आठवड्यात फुटले असते. अशा वेळी दोष कोणाचा मानायचा? नियम घालणाऱ्याचा, तो आंधळेपणाने पाळणाऱ्याचा, की त्याचे कारण कधीच न विचारणाऱ्या सर्वांचा?

हाच प्रश्न 2004 साली अमेरिकेत एका विदुषीपुढे उभा राहिला. तेथे बुडालेली उधारी नव्हती, सुमारे तीन हजार माणसांचे प्राण होते. त्या विदुषीचे नाव जेमी गोरेलिक. कायदा, राष्ट्रीय सुरक्षा आणि संरक्षण व्यवसाय या तिन्ही क्षेत्रांत अग्रस्थानी पोहोचलेल्या स्त्रिया जगात थोड्या आहेत. गोरेलिकबाईंचा प्रवास त्यामुळे अभ्यासण्याजोगा आहे. आणि तो निष्कलंक यशोगाथा नाही, म्हणून अधिकच.

1950 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हार्वर्डमधून 1972 साली पदवी आणि 1975 साली कायद्याची पदवी घेऊन त्या वॉशिंग्टनमध्ये वकिली करू लागल्या. मध्यंतरी काही काळ ऊर्जा खात्यात काम केले. पुन्हा वकिलीकडे वळल्या. राजधानीतील वकिलांच्या अधिकृत संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. 1993 साली क्लिंटन प्रशासनाने त्यांना संरक्षण खात्याचे मुख्य विधी अधिकारी नेमले. पेंटॅगॉनमधील हे पद म्हणजे एका अवाढव्य खात्याची कायदेशीर बाजू सांभाळण्याचे काम. शस्त्रखरेदीचे करार, सैनिकांचे हक्क, आंतरराष्ट्रीय तह आणि लष्करी कारवाईची कायदेशीरता हे सारे विषय त्या टेबलावरून जातात. वर्षभरातच, 1994 साली, त्या न्याय खात्यात उपमहान्यायवादी झाल्या. महान्यायवादीपदी जॅनेट रेनो होत्या. देशाच्या न्याय खात्याची पहिली आणि दुसरी खुर्ची अशा रीतीने दोन स्त्रियांकडे होती. एप्रिल 1995 मध्ये ओक्लाहोमा शहरात सरकारी इमारतीवर बॉम्बहल्ला होऊन 168 माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा त्या तपासाची जबाबदारी त्यांच्या कार्यालयावर होती.

त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांच्या सहीने एक सूचनापत्र निघाले. पुढे 'भिंत' या नावाने गाजलेल्या वादात ते केंद्रस्थानी आले. ही भिंत कशासाठी होती, हे समजल्याखेरीज वाद समजणार नाही.

अमेरिकेत संशयिताचे दूरध्वनी ऐकण्याचे दोन मार्ग आहेत. गुन्ह्याचा तपास असेल, तर गुन्हा घडल्याचा सबळ संशय न्यायाधीशांना पटवून द्यावा लागतो. परकीय हेर किंवा दहशतवादी यांच्यावरील गुप्त देखरेखीसाठी मात्र 1978 च्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय आहे आणि तेथील कसोटी वेगळी आहे. हा दुसरा मार्ग सोपा म्हणून सरकारी वकील तोच वापरून खटले उभे करू लागले, तर नागरिकांच्या खासगीपणाचे संरक्षण उरत नाही. शिवाय असा पुरावा न्यायालयाने फेटाळला, तर खरा अपराधीही सुटतो. म्हणून हेरगिरीविषयक तपास आणि गुन्हेगारी तपास वेगळे ठेवण्याची प्रथा पडली. 1993 साली वर्ल्ड ट्रेड सेंटरवर झालेल्या पहिल्या बॉम्बहल्ल्याच्या प्रकरणांत दोन्ही तपास एकाच वेळी सुरू होते. तेथे सरमिसळ होऊन खटला कोसळू नये, म्हणून गोरेलिकबाईंनी सूचना दिल्या. ही दक्षता कायद्याच्या किमान अपेक्षेपेक्षा अधिक आहे, हे त्या पत्रातच नमूद होते. त्याच वर्षी जुलैमध्ये रेनो यांनी सर्वसाधारण कार्यपद्धती जारी केली. सरकार बदलल्यावरही, ऑगस्ट 2001 मध्ये, नव्या उपमहान्यायवादींनी ती कार्यपद्धती कायम ठेवली.

मग ऑगस्ट 2001 चा शेवटचा आठवडा आला. खालिद अल-मिहधार हा संशयित अमेरिकेत असल्याचे तपास संस्थेला कळले. 'कोल' या युद्धनौकेवरील हल्ल्याचा गुन्हेगारी तपास करणाऱ्या न्यूयॉर्कमधील एका अधिकाऱ्याने शोधमोहिमेत भाग घेण्याची परवानगी मागितली. नियमांकडे बोट दाखवून ती नाकारण्यात आली. भिंतीचे कारण काहीही असो, एक दिवस यापायी कोणीतरी जिवाला मुकेल, अशा आशयाचा संतप्त संदेश त्याने 29 ऑगस्टला लिहिला. तेरा दिवसांनी मिहधार ज्या विमानात होता, ते पेंटॅगॉनवर आदळले. आठ वर्षांपूर्वी गोरेलिकबाई त्याच वास्तूत मुख्य विधी अधिकारी म्हणून रुजू झाल्या होत्या.

या हल्ल्याच्या चौकशीसाठी 2002 च्या अखेरीस दहा सदस्यांचा आयोग नेमला गेला. पाच सदस्य एका पक्षाचे, पाच दुसऱ्या पक्षाचे. दहा जणांत स्त्री एकच, ती म्हणजे गोरेलिक. राष्ट्राध्यक्षांना दररोज दिली जाणारी अतिगोपनीय टिपणे तपासण्याची मुभा आयोगाने निवडलेल्या मोजक्या व्यक्तींना मिळाली, त्यांत त्या होत्या. त्यांच्या अभ्यासाचा आणि सचोटीचा सहकाऱ्यांना किती भरवसा होता, हे यावरून दिसते.

13 एप्रिल 2004 रोजी तत्कालीन महान्यायवादी जॉन ॲशक्रॉफ्ट साक्षीसाठी आयोगापुढे आले आणि त्यांनी 1995 चे सूचनापत्र गोपनीयतेतून मुक्त करून सर्वांसमोर ठेवले. हल्ल्यापूर्वीची सर्वांत मोठी रचनात्मक अडचण ही भिंत होती आणि तिची एक शिल्पकार आयोगाच्याच आसनावर बसली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खळबळ उडाली. राजीनाम्याची मागणी झाली. साक्षीदाराने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसावे काय, हा आक्षेप फुटकळ नव्हता. बँकेत एक साधा दंडक असतो: ज्याने नोंद केली, त्यानेच ती तपासून मंजूर करायची नाही. माणूस प्रामाणिक असला, तरी दंडक मोडत नाही. कारण तो माणसाच्या प्रामाणिकपणावर अविश्वास म्हणून केलेला नसून व्यवहारावर सर्वांचा विश्वास बसावा म्हणून केलेला असतो.

गोरेलिकबाईंनी राजीनामा दिला नाही. आपल्या कारकिर्दीशी निगडित विषयांच्या चौकशीतून त्या बाजूला राहिल्या होत्या, आणि वृत्तपत्रात लेख लिहून त्यांनी आपली बाजू उघडपणे मांडली. नियमांची मुळे आपल्या पत्राच्या कितीतरी आधीची आहेत आणि पुढील सरकारनेही ते कायम ठेवले, असा त्यांचा मुद्दा होता. आयोगाचे अध्यक्ष टॉमस कीन हे विरोधी पक्षाचे. तरीही ते त्यांच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले. 22 जुलै 2004 रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. बाराशेहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती, पंचवीस लाख पाने कागदपत्रे आणि 41 शिफारशी. आणि निवडणुकीच्या वर्षातही दहाही सदस्यांची एकमताने सही.

भिंतीविषयी अहवालाने काय म्हटले? 1995 च्या कार्यपद्धतीचा जवळजवळ लगेचच चुकीचा अर्थ लावला गेला आणि ती चुकीच्या रीतीने वापरली गेली. नियमात जेवढी मनाई होती, त्याहून कितीतरी अधिक मनाई अधिकाऱ्यांनी आपल्या मनाने मानून घेतली. ऑगस्ट 2001 च्या प्रसंगी तर नियम नेमका काय आहे, याविषयी संबंधित सारेच गोंधळलेले होते. अनेकान्ताची दृष्टी लाभलेल्या वाचकाला हा निष्कर्ष परका वाटू नये. नियमाला सयुक्तिक कारण होते, हे एका दृष्टीने सत्य. नियमाच्या छायेत घोर हानी झाली, हेही दुसऱ्या दृष्टीने सत्य. एका सत्याने दुसरे खोटे ठरत नाही. मात्र अनेकान्त म्हणजे सर्वांना सोडून देणे नव्हे. ज्याच्या सहीने नियम निघतो, त्याच्यावर एक कर्तव्य उरतेच: खालचा माणूस त्याचा काय अर्थ घेतो, हे अधूनमधून पाहण्याचे. या कसोटीवर 1995 ते 2001 या काळातील दोन्ही सरकारे उणी पडली.

त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा भाग व्यापारी कुटुंबांना अधिक जवळचा वाटेल. 1997 ते 2003 या काळात त्या फॅनी मे या संस्थेच्या उपाध्यक्ष होत्या. बँकांनी दिलेली गृहकर्जे विकत घेणे, त्यांचे रोखे करून गुंतवणूकदारांना विकणे, हा या संस्थेचा व्यवसाय. त्या बाहेर पडल्यानंतर, 2004 साली, नियामकाने तेथील हिशेबपद्धतीवर कडक ताशेरे ओढले. 1998 सालचा सुमारे 20 कोटी डॉलरचा खर्च त्या वर्षी न दाखवता पुढे ढकलला गेला आणि त्यामुळे उच्चाधिकाऱ्यांच्या बोनसचे उद्दिष्ट गाठले गेले, असा नियामकाचा निष्कर्ष होता. 2006 साली संस्थेला 40 कोटी डॉलरचा दंड झाला. नियामकाने ज्या तीन अधिकाऱ्यांविरुद्ध वैयक्तिक कारवाई केली, त्यांत गोरेलिकबाई नव्हत्या. परंतु बोनस मिळालेल्या उच्चाधिकाऱ्यांत त्या होत्या. नफ्याच्या आकड्याला अधिकाऱ्याच्या मानधनाची गाठ मारली, की आकड्याला पाय फुटतात, हे मात्र लेखापरीक्षणाच्या विद्यार्थ्यानेही ध्यानात ठेवावे.

2003 पासून त्या वॉशिंग्टनमधील एका मोठ्या वकिली संस्थेत भागीदार झाल्या आणि संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा व सरकारी करार या शाखेचे नेतृत्व करू लागल्या. विमानांची इंजिने बनविणाऱ्या युनायटेड टेक्नॉलॉजीज या उद्योगसमूहाच्या संचालक मंडळावर त्या होत्या. 2012 पासून ॲमेझॉनच्या संचालक झाल्या. सरकारातून व्यवसायात आणि व्यवसायातून सरकारात अशी ये-जा अमेरिकेत रूढ आहे, पण तिला कुंपणही आहे. ज्या विशिष्ट प्रकरणावर अधिकाऱ्याने स्वतः काम केले, त्यात पुढे सरकारपुढे दुसऱ्या पक्षाची बाजू मांडण्यास त्याला कायमची मनाई असते. पुरवठादारांसाठी 1863 सालचा कायदा आजही लागू आहे. यादवी युद्धात सैन्याच्या माथी निकृष्ट माल मारणाऱ्या व्यापाऱ्यांना चाप लावण्यासाठी तो झाला. आज खोटे बिल सादर करणाऱ्याकडून नुकसानीच्या तिप्पट रक्कम वसूल होऊ शकते आणि गैरव्यवहार उघड करणाऱ्यास वसुलीतील वाटा मिळतो. अचौर्यव्रताच्या अतिचारांत भेसळ आणि खोटी मापे येतात, हे आपण पाठशाळेत शिकतो. त्या देशाने तेच तत्त्व खरेदीच्या करारात उतरविले आहे.

येथे जैन कुटुंबांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. भारतात 2001 साली संरक्षण उत्पादन खासगी कंपन्यांना खुले झाले. सुटे भाग, धातू, कापड, विद्युत उपकरणे यांचे व्यापारी आणि कारखानदार या पुरवठ्याच्या साखळीत सहज येऊ शकतात. शस्त्रे पुरविण्याला श्रावकाचारात हिंसादान म्हटले असून तो अनर्थदंडाचा एक प्रकार मानला आहे. दुसरीकडे स्वसंरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वथा टाळता येत नाही, हेही आचार्यांनी मान्य केले आहे. जवानाचा तंबू, औषधपेटी, दळणवळणाचे यंत्र आणि तोफगोळा ही सारी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. मर्यादा कोठे आखावी, याचा निर्णय निविदा भरल्यानंतर नव्हे, आधी, घरातील सर्वांनी बसून घ्यावा. आणि त्या बैठकीत घरच्या सुना-मुलींचेही मत विचारावे.

मुलींच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. वाणिज्य शाखेत उत्तम गुण मिळविणाऱ्या आपल्या कन्यांना सनदी लेखापालाचा मार्ग परिचित आहे. कायद्याचा मार्ग अजून तितकासा नाही. करार, निर्यात परवाने, सरकारी खरेदी, माहितीची सुरक्षितता या विषयांत हिशेब जाणणाऱ्या वकिलांची गरज वाढत जाणार आहे. गोरेलिकबाईंना मोठी पदे मिळाली, त्यामागे आधीची अनेक वर्षांची वकिली होती. आई-वडिलांनीही तेवढा धीर धरावा.

आणि सर्वांत सोपा पाठ आपल्या पतसंस्था, ट्रस्ट आणि मंदिर समित्यांसाठी आहे. नातेवाइकाच्या कर्जाचा, आपल्याच दुकानातून होणाऱ्या खरेदीचा किंवा आपल्या जुन्या निर्णयाचा विषय सभेत निघाला, तर संबंधित सदस्याने स्वतःहून उठून बाहेर जावे आणि त्याची नोंद इतिवृत्तात करवून घ्यावी. कोणी सुचविण्याची वाट पाहू नये. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. सभेच्या वहीत एक ओळ लिहावी लागते, एवढेच.