यंत्र हातातलं, दारू कुठली? काडतूस रीलोडिंगचा हिशेब पारशिवनीतून

मोबाइलवर बंदूक किंवा नेमबाजीचा एखादा व्हिडिओ पाहिला की थोड्याच वेळात अल्गोरिदम तुम्हाला रीलोडिंगकडे घेऊन जातो. अमेरिकेतला कुणी गृहस्थ गॅरेजमध्ये बसलाय, हातात पक्कडीएवढं यंत्र, बाजूला वापरलेल्या पितळी पुंगळ्या. अर्ध्या तासात त्याच्यासमोर रायफलच्या नव्या काडतुसांची रांग उभी राहते. यंत्राची किंमत आपल्याकडच्या साध्या मोबाइलपेक्षाही कमी. मग प्रश्न पडतोच, हे आपल्याकडे का चालत नाही?

पारशिवनी तालुक्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. एका अंगाला पेंचचं जंगल, कोलितमाऱ्यापासून पुढे वाघांचं राज्य, आणि जंगलाला लागून असलेल्या शेतांत रात्री घुसणारी रानडुकरं. दुसऱ्या अंगाला गोंडेगाव आणि इंदरच्या कोळसा खाणी, तिथले रोजचे सुरुंग. ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्याला काडतुसांचा भाव टोचतो. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याला असे व्हिडिओ भलत्याच वाटेला नेऊ शकतात. म्हणून हे तंत्र काय आहे आणि त्यात नेमकं काय स्वस्त आहे, ते नीट समजून घेऊ.

काडतुसात असतं काय?

चार गोष्टी. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बंदुकीचा घोडा दाबला की पिन टोपीवर आदळते, टोपी पेटते, ती दारू पेटवते आणि वायूच्या दाबाने गोळी सुटते. टोपी, दारू, गोळी तिन्ही खर्ची पडतात. उरते ती पुंगळी, आणि काडतुसाच्या किमतीत साधारणपणे सर्वांत मोठा वाटा तिचाच. ती पुन्हा मापात आणून बाकीच्या तीन वस्तू नव्याने बसवायच्या, हेच रीलोडिंग. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत चिमट्यासारखी हत्यारं एकोणिसाव्या शतकातच विकली जात होती. १९५८ च्या सुमारास रिचर्ड ली यांनी ‘ली लोडर’ काढला आणि हा छंद स्वस्त झाला.

आता गंमत बघा. प्रायमरचे दोन मुख्य प्रकार, बॉक्सर आणि बर्डन. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच छिद्र, त्यामुळे जुनी टोपी काढणं सोपं. बर्डनच्या पुंगळीला सहसा दोन बारीक छिद्रं, आणि ती घरगुती हत्याराला दाद देत नाही. बॉक्सर हा इंग्रज अधिकारी, पण त्याची पद्धत रुजली अमेरिकेत. बर्डन अमेरिकन, पण त्याची पद्धत चालली युरोपात आणि अनेक देशांच्या लष्करी काडतुसांत. म्हणजे व्हिडिओतलं यंत्र कुठल्याही पुंगळीला चालतं हा समज पहिल्याच पायरीवर फसतो.

आणि ज्या खेळामुळे महाराष्ट्रात रायफल घराघरांत पोचली, तिथे तर रीलोडिंगचा विषयच येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ते .२२ रायफलवर. या काडतुसात वेगळी टोपी नसतेच. पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं. पिनेने कड चेपली की ती पुंगळी व्यवहारात भंगारात जमा.

कायदा यंत्रालाच काडतूस समजतो

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. लोकांना वाटतं, यंत्र घेणं गुन्हा नाही, काडतूस बनवलं तर गुन्हा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या वाचा. त्यात काडतुसाचे भाग येतात आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे हातात मावणारा तो प्रेस कायद्याच्या नजरेत लोखंडी हत्यार नाही, दारूगोळाच आहे. तो परदेशातून मागवला तर आयातीचा परवाना लागतो. ‘हॉबी टूल’ असं पार्सलवर लिहून कस्टमसमोर काही फरक पडत नाही.

बनवण्याचा प्रश्न कलम ५ मध्ये येतो, त्यालाही परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे, हे परवानाधारकांनी खास लक्षात घ्यावं. शेजारचा कुणी ‘आपली लायसनची आहे ना’ म्हणत असेल तर त्यालाही सांगा. शिवाय दारूच्या साठ्याला १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम आहेत, आणि ते राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे.

हे नियम अती कडक आहेत का? माझ्या मते नेमबाजांपुरती चर्चा व्हायला जागा आहे. पण व्हिडिओ पाहून घरी सुरुवात करणाऱ्यांसाठी नाही, आणि त्याचं कारण कायद्यात नाही, धातूत आहे.

दाबाचा खेळ

तुमच्या कारच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते. .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादा ६२ हजार पीएसआय. हा दाब तुमच्या गालापासून काही इंचांवर, क्षणाच्या अगदी छोट्या भागासाठी तयार होतो. दारू किंचित जास्त पडली, चुकीच्या जातीची पडली किंवा गोळी प्रमाणापेक्षा खोल बसली, तर मर्यादा ओलांडली जाते आणि फुटते ती बंदूक. कारखान्यात प्रत्येक लॉटमधली काडतुसं दाब मोजण्याच्या उपकरणावर झाडून पाहतात. हातोडीवाल्या किटमध्ये तसं काही नसतं. अमेरिकेतही अनुभवी माणूस तपासलेली तक्तापुस्तकं आणि नाव-जात छापलेला दारूचा डबा यांच्या भरवशावरच हे करतो. आपल्याकडे तो डबाच दुकानात मिळत नाही, मग तक्ता कशाला जुळवणार?

विदर्भात आणखी एक धोका आहे. भरमार बंदुकीत चालते ती काळी दारू आणि रायफलच्या काडतुसातली धूरविरहित दारू, या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू. काळ्या दारूचं माप धूरविरहित दारूला लावलं तर नळी फाटू शकते. दोन्हीला आपण ‘दारू’च म्हणतो, ही भाषेची अडचण इथे जिवावर बेतू शकते.

खरी टंचाई कापसाची

आता मूळ मुद्दा. जगभर गेली काही वर्षं रीलोडिंगवाले यंत्रासाठी नाही, दारूसाठी रडतायत. युक्रेन युद्धानंतर तोफगोळ्यांची मागणी इतकी वाढली की नायट्रोसेल्युलोज कमी पडू लागलं. धूरविरहित दारूचा हा पाया आहे. फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये त्यातून वापरता येईल अशी दारू बनवली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याची रायफल बदलली. १५५ मिमीचा तोफगोळा फेकायला जी सामग्री लागते, तीच छोट्या काडतुसालाही लागते. रांगेत सैन्य पुढे, छंदवाले मागे. २०२३ मध्ये युरोपीय संघाने दारूगोळा उत्पादन वाढवायला ५० कोटी युरोंचा कायदा केला, त्यातही दारूच्या कारखान्यांवर मोठा भर होता.

नायट्रोसेल्युलोज बनतं कशापासून? मुख्यतः कापसाच्या लिंटरपासून. जिनिंगमध्ये लांब धाग्याची रुई निघाल्यावर सरकीला जो आखूड तंतू चिकटून राहतो, तोच. युरोपचे कारखाने त्यासाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहेत, आणि ही त्यांची डोकेदुखी आहे. आपल्याकडे सरकी म्हटलं की तेल आणि ढेप एवढंच डोळ्यासमोर येतं.

लिंटरपासून काडतुसापर्यंतची बरीचशी साखळी मात्र आपल्याच आसपास आहे. भंडाऱ्याच्या जवाहरनगरला प्रोपेलंट बनतं. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून काडतुसं बनतात, परवान्याच्या.३१५ रायफलच्या पुंगळीच्या बुडाशी ‘केएफ’ दिसतं ते तिथलंच, आणि बारा बोअरची ‘शक्तिमान’सुद्धा. भुसावळजवळच्या वरणगावला लष्करी रायफलींची काडतुसं. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा हे तिन्ही कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे गेले. खासगीत, खाणींसाठी स्फोटकं बनवत मोठी झालेली नागपूरची सोलर इंडस्ट्रीज आज लष्करालाही माल देते.

या साखळीची किंमत विदर्भाने मोजली आहे. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या सोलरच्या कारखान्यात स्फोट होऊन ९ कामगार गेले, त्यांत ६ महिला होत्या. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ८ जण. ज्या ठिकाणी प्रशिक्षित माणसं, ठरलेली कार्यपद्धती आणि मातीच्या बांधांमागच्या वेगळ्या इमारती आहेत, तिथली ही स्थिती. घरातल्या टेबलावर काय असतं? बल्ब, पंखा आणि बाजूला खेळणारं पोर.

रानडुकराचा प्रश्न मात्र तसाच उरतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायची परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो, पण परवाना आणि काडतूस नियमातलंच हवं. वाघ-बिबट्यासारख्या अनुसूची १ मधल्या प्राण्यांना ही वाट लागूच नाही. नुकसानभरपाईसाठी पंचनामा वेगळा, त्याचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात.