नकाशा कोणी काढायचा?

वावर हे जव्हार तालुक्यातील एक गाव. आपल्या भाषेत वावर म्हणजे शेत, आणि वावर म्हणजे वावरणेही. भूगोलाच्या मास्तराला याहून शुभ नाव कोणते मिळायचे? पण जव्हार-मोखाड्याकडच्या शाळांतून मी काय पाहिले? दार ओढून घेतलेले, आणि आत मुले घोकताहेत, 'मोसमी वारे नैऋत्येकडून येतात.' बाहेर तेच वारे शाळेची कौले उडवीत असतात!

दुसऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी माझे पाप सांगतो. मीही कित्येक वर्षे असाच भूगोल शिकवला. एकदा एका मुलीने भारताच्या नकाशात गंगा-गोदावरी अचूक भरल्या आणि विचारले, "गुरुजी, आमच्या पाड्याखालची नदी यात कुठे?" मी गप्प झालो. दुसऱ्या दिवशी वर्ग बाहेर काढला. साधने कसली? पावले, दोरी आणि एक काठी. हिवाळ्यात भर दुपारी काठीची सर्वांत आखूड सावली उत्तर दाखवते, हे मुलांनी पुस्तकाविना ताडले. मग शेणाने सारवलेल्या जमिनीवर राखेने पाड्याचा नकाशा उतरला. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, कोणता ओहोळ आषाढात दवाखान्याची वाट तोडतो, सारे त्यात आले. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "छान आहे, पण परीक्षेत येते का हे?"

हा प्रश्न एकट्या साहेबांचा नाही, आपणा साऱ्यांचा आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी जीवनातून शिक्षणाची दिशा दाखविली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1957 मध्ये आपले कार्य बोर्डीहून कोसबाडला घेऊन गेल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. आपण काय केले? त्यांच्या तसबिरी लावल्या, आणि शाळा पुन्हा चार भिंतींत आणून कोंडली.

काही विद्वान म्हणतात, "आदिवासी मुलाला रान ठाऊकच असते, त्याला जग दाखवा, रानात काय अडकवता?" युक्तिवाद गोंडस आहे, पण फसवा आहे. रान पायांना ठाऊक असणे निराळे आणि ते कागदावर मांडता येणे निराळे. ज्याने आपल्या टेकडीचा चढ पावलांनी मोजला, त्यालाच समोच्च रेषा कळते. मग हिमालयही त्याच्या आवाक्यात येतो. बाकीच्यांना ती नुसती वेडीवाकडी रेघ!

आणि हा केवळ अध्यापनपद्धतीचा वाद आहे, असे कोणी समजू नये. 1992 मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा कुठे पुष्कळांना ही गावे आहेत हे कळले. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये कसणाराला जमिनीचा दावा करता येतो. तो सिद्ध करायचा तर जमिनीची हद्द दाखवावी लागते. मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण 2014 पासून उभे आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. इथल्या मुलाने पाण्याचा नकाशा काढला, तर एक रेघ कागदाबाहेर, थेट मुंबईच्या नळापर्यंत जाईल. ती रेघ पाहून तो जो प्रश्न विचारील, त्याचीच तर आपल्याला धास्ती वाटत नाही ना?

पाठ्यपुस्तके जाळा, असे मी म्हणत नाही. आठवड्यातून एक तास मुलांना बाहेर सोडा, आणि त्यांनी आणलेला नकाशा शाळेच्या भिंतीवर जगाच्या नकाशाशेजारी टांगा, एवढेच माझे मागणे आहे. आजवर या मुलखाचे नकाशे बाहेरच्यांनी काढले. कधी सारा ठरवायला, कधी जंगल राखून ठेवायला, कधी धरण बांधायला. आता एकदा तिथल्या पोरांना काढू द्या. पाड्याखालची ती नदी कुठे आहे, हे त्यांनाच आपल्याला सांगू द्या.